फोनवरची शेहेचाळीस मिनिटं



आज जरा वेगळा विषय घेतलाय. दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर कसं मोजतात आणि विमानाला ते कापायला किती वेळ लागतो, हा. तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला धड एसटी येत नाही आणि ही ताई विमानाचं काय घेऊन बसली! पण विषय विमानाचा कमी आणि फोनचा जास्त आहे. आता घराघरात फोन आहे. पोरं त्याला बोलून विचारतात, आणि तो लगेच उत्तर देतो. उत्तर खोटं नसतं. पण ते नेमकं कशाचं उत्तर आहे हे कळलं नाही, तर माणूस रात्री-अपरात्री भलतीकडे जाऊन पोचतं.

घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या एका गटातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, पण सांगायला तिनेच होकार दिलाय. तिची लेक नांदेडला दिलेली, दिवस भरत आलेले. एके दिवशी दुपारी चारला जावयाचा फोन आला, दवाखान्यात भरती केलंय, तुम्ही निघा. आईचा जीव तो, तिला काही सुचेना. पुतण्याने फोनला विचारलं. फोन म्हणाला, चिकलठाणा विमानतळ ते नांदेड विमानतळ २१५ किलोमीटर, विमानाने ४६ मिनिटं. झालं! गटातून चार हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं, गावातली जीप ठरवली, जालन्यात न थांबता बदनापूर ओलांडून थेट चिकलठाणा गाठलं. दारावरच्या जवानाने तिकीट मागितलं. नांदेडचं विमान इथून जातच नाही, असं तो म्हणाला तेव्हा सात वाजून गेले होते. तिथून परत जालना, रात्री उशिराची गाडी, आणि पहाटे नांदेड. लेक सुखरूप होती, नात झाली होती. आई मात्र त्या वेळेला तिच्याजवळ नव्हती. आणि जीपचं भाडं गटाच्या वहीत कर्ज म्हणून बसलं ते वेगळंच. सहा-सव्वासहाला जालना स्टेशनावर उतरली असती, तर संध्याकाळच्या गाडीने रात्री दहा-अकरापर्यंत लेकीजवळ पोचली असती.

पुतण्याला बोल लावायचं कारण नाही. २१५ किलोमीटर हा आकडा बरोबर आहे. तो येतो कुठून ते बघू. थोडं गणित आहे, पण वहीत व्याज काढणाऱ्या बायकांना ते जड नाही.

पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकड्यांचा पत्ता असतो, अक्षांश आणि रेखांश. शाळेतल्या नकाशावर आडव्या-उभ्या रेघा असतात ना, त्याच या. चिकलठाणा विमानतळाचा अक्षांश १९.८६ आणि रेखांश ७५.४०. नांदेड विमानतळाचा अक्षांश १९.१८ आणि रेखांश ७७.३२. आता वजाबाकी करा. अक्षांशात फरक ०.६८, रेखांशात फरक १.९२. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश आपल्या भागात साधारण १०५ किलोमीटर भरतो, कारण उभ्या रेघा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, खरबुजावरच्या रेघा देठाशी येतात तशा. म्हणजे नांदेड हे चिकलठाण्याच्या ७५ किलोमीटर दक्षिणेला आणि २०१ किलोमीटर पूर्वेला आहे. शेताच्या दोन धुऱ्यांची लांबी माहीत असली की कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी वाट काढता येते. तो पायथागोरसचा नियम पोरांना सातवी-आठवीत शिकवतात. ७५ चा वर्ग अधिक २०१ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं २१५ च्या आसपास. फोन हेच करतो. फक्त तो पृथ्वीचा गोलवाही धरतो, जो एवढ्याशा अंतरात जाणवत नाही. मुंबईहून अमेरिकेला जायचं असेल तर जाणवतो. माठावर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून बघा, दोरा कसा वळसा घेऊन बसतो ते दिसेल.

म्हणजे २१५ किलोमीटर ही दोन धावपट्ट्यांमध्ये ताणलेली दोरी झाली. तिच्यात रस्ता नाही, घाट नाही, गोदावरीवरचा पूल नाही. रस्त्याने छत्रपती संभाजीनगर ते नांदेड अडीचशे किलोमीटरच्या वर भरतं.

आता ती ४६ मिनिटं. यातली गंमत तर आणखी सोपी आहे. मोठं जेट विमान ताशी साधारण ८०० किलोमीटर जातं. २१५ ला ८०० ने भागलं की १६ मिनिटं येतात. त्यात उड्डाणाचा आणि उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवायचा. १६ अधिक ३०, झाली ४६. बस, एवढंच. हे वेळापत्रक नाही, हा नुसता भागाकार आहे. असं विमान आहे का, आज आहे का, त्यात जागा आहे का, यातलं काहीही तपासलेलं नाही. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, असं उत्तर मिळतंच. लातूरला धावपट्टी आहे, पण रोजचं प्रवासी विमान नाही. तरी लातूरचंही अंतर आणि मिनिटं फोन बिनचूक सांगेल.

भागाकारातसुद्धा एक खोच आहे. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा पंख्याची विमानं येतात, सत्तरेक माणसांची. एटीआर म्हणतात त्यांना. ती ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातात. मग तेच २१५ किलोमीटर कापायला २६ मिनिटं आणि वरचा अर्धा तास, म्हणजे ५६ मिनिटं झाली. अंतर जवळचं असेल तर दहाच मिनिटांचा फरक पडतो. लांबच्या पल्ल्यात तो वाढत जातो.

मग कुणी विचारेल, चिकलठाणा मराठवाड्यातलं, नांदेडही मराठवाड्यातलं, दोन्हीकडे विमानतळ, मग मध्ये विमान का नाही? याचं उत्तर आपल्याला एसटीमुळे आधीच माहीत आहे. मंठा तालुक्यातल्या वाडीवरून जाफराबाद तालुक्यातल्या वाडीला थेट बस असते का? नसते. आधी तालुक्याला या, मग जालना स्टँडवर या, तिथून दुसरी गाडी धरा. कारण त्या दोन वाड्यांमध्ये रोज बस भरेल एवढी माणसं जात नाहीत. विमानाचंही असंच आहे. मोठी शहरं हे त्यांचे स्टँड. चिकलठाण्याहून विमानं जातात ती मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी. नांदेडलाही तसंच. म्हणून चिकलठाण्याहून नांदेडला आकाशातूनच जायचं म्हटलं, तर हैदराबादला जाऊन परत यावं लागेल. चिकलठाणा ते हैदराबाद सरळ रेषेत साधारण ४३३ किलोमीटर, आणि हैदराबाद ते नांदेड साधारण २४६. बेरीज पावणेसातशेच्या वर. २१५ किलोमीटरवरच्या गावाला जायला पावणेसातशे किलोमीटर उडायचं, मध्ये हैदराबादला ताटकळायचं, आणि पैसे दोन विमानांचे. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

त्यात विमानाचा सगळ्यात जास्त खर्च वर चढताना होतो. इंधन तिथेच जास्त जळतं. लांबचा पल्ला असेल तर वर गेल्यावर तो खर्च अंगवळणी पडतो. २१५ किलोमीटरसाठी चढलं न चढलं तोच उतरायची वेळ येते. धावपट्टी वापरायचं भाडं, माणसांचे पगार, हे सगळं अंतर कमी म्हणून कमी होत नाही. कंपनीच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हा धंदा केला नसता.

सरकारने हे बदलायचा प्रयत्न केला आहे, आणि त्याची सुरुवात नांदेडपासूनच झाली. उडान नावाची योजना, म्हणजे ‘उडे देश का आम नागरिक’. २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला या योजनेतलं पहिलं विमान निघालं, आणि त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद आणि कडप्पा–हैदराबाद या मार्गांचंही उद्घाटन झालं. त्या वेळचा नियम असा होता की साधारण तासाभराच्या, म्हणजे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला निम्म्या जागांचं तिकीट २,५०० रुपयांच्या वर जाऊ द्यायचं नाही. कंपनीला येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देणार. आपल्या भाषेत सांगायचं तर गटाला मिळणाऱ्या फिरत्या निधीसारखं. सुरुवातीला आधार देतो, पुढे तुमचं तुम्ही चालवा.

पुढे काय झालं? नांदेड–हैदराबाद विमान चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणं २०२२ मध्ये थांबली. नंतर २०२४ मध्ये स्टार एअर या दुसऱ्या कंपनीने नांदेडहून उड्डाणं सुरू केली. सगळ्या देशाचा हिशोब कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२३ मध्ये मांडला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग ठरले. त्यातले ३७१ प्रत्यक्ष सुरू झाले. तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ मध्ये त्या ११२ पैकी ५४ मार्ग चालू होते. बचत गटाच्या भाषेत हे थकबाकीदार खातं आहे असं मी म्हणेन, पण योजना वाईट होती असं म्हणणार नाही. ज्या मार्गावर माणसं होती, तो टिकला. आपण लक्षात ठेवायचं ते एवढंच, की छोट्या विमानतळाचं विमान आज असतं, पुढच्या हंगामात नसतं. गेल्या वर्षी कुणीतरी गेलं होतं, ही आज विमान असल्याची खूण नव्हे.

आता घराच्या दारापासून पाहुण्याच्या दारापर्यंतचा हिशोब करू. समजा, चिकलठाणा–नांदेड थेट विमान सुरू झालंच. जालना शहरातून चिकलठाणा विमानतळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. घरातून निघून तिथे पोचायला दीड तास धरा. कंपन्या दोन तास आधी यायला सांगतात, आणि सामान घ्यायची खिडकी तासभर आधी बंद होते. म्हणजे तिथे दोन तास. मग फोनवरची ४६ मिनिटं. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहणं, बाहेर येणं, रिक्षा, पाऊण तास तरी. सगळं मिळून पाच तास होतात. आणि रेल्वे? जालना ते नांदेड रुळाने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. दुपारची तपोवन साधारण साडेतीन तासांत पोचवते. मुंबई–जालना वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली, ती पावणेतीन तासांच्या आसपास घेते. परतूर, सेलू, परभणी, पूर्णा असे रूळ जवळजवळ सरळच गेले आहेत. जालना ते नांदेड दोरी ताणली तर १६७ किलोमीटर भरते. म्हणजे विमानाने कापावं असं वळणच या वाटेत नाही.

परतूरच्या बाईचा विचार करा. तिच्या गावावरून नांदेडची गाडी जाते. विमानासाठी ती उलट्या दिशेला शंभरेक किलोमीटर मागे जाणार, आणि तेवढंच अंतर आकाशातून परत आपल्याच गावावरून पुढे येणार!

एसटीचंही विसरू नका. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. एका बैठकीत एका आजीने विचारलं, विमानात बायांना अर्धं तिकीट असतं का. नसतं, आजी. आणि तिथे तिकीट जसजसं भरत जातं तसतसं महाग होतं. अडचणीच्या दिवशी, ऐन वेळेला काढलेलं तिकीट सगळ्यात महाग पडतं.

म्हणजे विमान कधीच कामाचं नाही असं नाही. नांदेडहून अमृतसरला डिसेंबर २०१७ मध्ये विमान सुरू झालं होतं. दोन्ही गावं शीख भाविकांची, दोन्हीकडे गुरुद्वारे, माणसं भरपूर. सरळ रेषेत अंतर १,४०० किलोमीटर. आपल्या जालन्यावरून जाणारी सचखंड एक्सप्रेस त्याच प्रवासाला दीड दिवस घेते. तिथे घरातून निघण्याचे, थांबण्याचे, सामानाचे पाच तास धरले तरी सव्वा दिवस वाचतो. माझा स्वतःचा अंदाज असा, की रेल्वेला एक पूर्ण रात्र लागत नसेल, तर विमानाचा विचारसुद्धा करू नये. अर्थात जिथे रूळच नाहीत किंवा मध्ये डोंगर आणि खाडी आहे, तिथे हा अंदाज चालणार नाही.

भोकरदन-जाफराबादच्या सख्यांसाठी आणखी एक उदाहरण. तुम्हाला जळगावही फार लांब नाही. जळगावहून गोव्याच्या मोपा विमानतळाला २०२४ मध्ये फ्लाय नाइन्टीवन कंपनीने विमान सुरू केलं, तेही पंख्याचंच. दोन छोट्या विमानतळांमध्ये थेट विमान, हे आपल्याकडे विरळाच. दोरीचं अंतर साधारण ६०७ किलोमीटर. फोनवरचा भागाकार करा, ८०० च्या हिशोबाने सव्वा तास येतो. पण विमान पंख्याचं, ५०० च्या चालीचं, म्हणून खरा हिशोब पावणेदोन तासांजवळ जातो. इथे फोनचं उत्तर अर्ध्या तासाने कमी पडलं. आणि असं विमान रोज असेलच असं धरू नका, वार बघावे लागतात. नाहीतर मंगळवारी जाऊन गुरुवारपर्यंत थांबावं लागायचं.

प्रदर्शनाला माल घेऊन जाणाऱ्या गटांना एक सांगते. विमानात बहुतेक कंपन्या खाली ठेवायला १५ किलो आणि हातात ७ किलो सामान देतात. वरच्या प्रत्येक किलोला पैसे. पापड-कुरडयांचे डबे, मसाल्याची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या यांचं वजन करून बघा, चार बायांचं मिळून किती होतं ते. लोणचं हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, तेल सांडतं म्हणून ते खालच्या सामानात टाकावं लागतं, आणि बरणी फुटली तर साड्या गेल्या. मालासह जायचं तर रेल्वेसारखं दुसरं काही नाही.

तर कुणी फोनवर मिनिटं दाखवली, की आधी तिकीट काढायच्या पानावर जाऊन त्याच तारखेचं विमान शोधायला सांगा. विमानाचा नंबर, सुटायची वेळ, पोचायची वेळ, असं तिन्ही दिसलं तरच ते विमान. नुसते किलोमीटर आणि मिनिटं दिसली तर तो भागाकार. ‘एक थांबा’ असं लिहिलं असेल तर मध्ये कुठे आणि किती वेळ, तेही वाचून घ्या. आणि गाव टाकताना नीट बघा. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. फोनला आपलं गाव कुठलं ते आपोआप कळतंच असं नाही.

पुढच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर एक हिशोब करून बघा. जळगाव विमानतळाचा अक्षांश २०.९६, रेखांश ७५.६३. नांदेडचे आकडे वर दिलेच आहेत. अक्षांशाच्या फरकाला १११ ने गुणा, रेखांशाच्या फरकाला १०५ ने. मग दोन्हींचे वर्ग, बेरीज आणि वर्गमूळ. वर्गमूळ शाळेतल्या पोरीकडून काढून घ्या, तीही खूश होईल. उत्तर २६५ च्या आसपास यायला हवं. ते ८०० ने भागून मिनिटं काढा, त्यात अर्धा तास मिळवा, म्हणजे फोन काय म्हणेल ते फोन न उघडताच कळेल.